भीमेच्या खोऱ्यातली सहल



फ्रान्स देशात ल्वार नावाची नदी आहे. त्या देशातील ती सर्वांत लांब नदी, सुमारे एक हजार किलोमीटरची. तिच्या काठी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी राजेरजवाड्यांनी बांधलेले किल्ले आणि वाडे ओळीने उभे आहेत. शांबोरचा वाडा फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१९ साली बांधायला घेतला. शेनाँसोचा वाडा तर शेर नदीवर पुलासारखा आडवा उभा आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या लांबलचक दालनात जखमी सैनिकांसाठी दवाखाना होता. सन २००० मध्ये युनेस्कोने या खोऱ्याचा मोठा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. आज जगभरातले लोक तिथे येतात, कोणी सायकलवरून गावोगाव फिरतात आणि तिथल्या छोट्या गावांची चूल त्यावर पेटते.

कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाने हे वाचून काय करायचे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्याला ल्वारला जाणे परवडणारे नाही. पण सणसवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांच्या दारापासून चार-पाच किलोमीटरवर भीमा वाहते. तिच्याही काठी किल्ले आहेत, समाध्या आहेत, जुनी गावे आहेत. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून ती खेड, शिरूर, दौंड तालुक्यांतून पंढरपूरकडे जाते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. या नदीकाठी आपण बहुतेक जण वर्षातून एकदाच जातो, १ जानेवारीला. त्या दिवशी लाखोंची गर्दी असते. खांद्यावर बसलेल्या मुलाला स्तंभ दिसतो. पण त्यावरची नावे वाचता येत नाहीत. म्हणून या वेळची सहल साध्या सुट्टीच्या दिवसाची.

वढू बुद्रुक

सकाळी लवकर निघावे. पुण्याच्या दिशेने कोरेगाव भीमा आले की वढू बुद्रुकचा फाटा लागतो. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या हुकुमाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांची समाधी या गावात आहे. तिथेच गोविंद गोपाळ महार यांचीही समाधी आहे. बादशहाच्या धाकाने कोणी पुढे येत नसताना त्यांनी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार केले, असे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. यावर गावात आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलांना दोन्ही समाध्या दाखवाव्यात आणि मतभेद आहेत हेही सांगावे. आपला इतिहास तपासून मांडण्याची सवय बाबासाहेबांनीच आपल्याला लावली.

पेरणे येथील जयस्तंभ

परत हमरस्त्याला येऊन भीमेचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या बाजूस पेरणे गावाची हद्द सुरू होते. जयस्तंभ या हद्दीत आहे. लढाई झाली ते कोरेगाव नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून निघाला. पायदळ, घोडेस्वार आणि दोन तोफा मिळून त्याच्याजवळ सुमारे आठशे माणसे होती. रात्रभर चालून सकाळी ती कोरेगावला पोचली, तेव्हा नदीपलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य दिसले. पेशव्याजवळ सुमारे २८ हजारांची फौज होती आणि त्यातील सुमारे दोन हजार गावावर चालून आले. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. रात्रभर चाललेल्या त्या शिपायांना नदी समोर दिसत होती; पण अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. रात्री पेशव्याचे सैन्य मागे हटले.

पुढे १८२१ साली स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर मरण पावलेल्या ४९ जणांची नावे कोरली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची. इथे थोडे थांबावे. शांबोरच्या वाड्यापुढे उभ्या राहणाऱ्याला राजाचे नाव सांगतात; दगड वाहणाऱ्यांची नावे भिंतीवर नाहीत. आपल्याकडच्या गडकोटांचेही तसेच. या स्तंभावर मात्र साध्या शिपायांची नावे दगडात आहेत. मराठीतला लेखही आहे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला तो मोठ्याने वाचायला लावावा. २२ नावे वहीत उतरवून घ्यायला लावावीत.

या शिपायांच्या वारसांचे पुढे काय झाले तेही मुलांना सांगावे. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने ‘लढाऊ जाती’चे खूळ डोक्यात घेऊन महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बळावर राज्य आले त्यांनाच दार बंद! गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरून आधी ल्वारच्याच काठी, ऑर्लेआँ शहराजवळ छावणीला गेल्या. पण तेव्हाही ही बंदी कायम होती. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये तीही मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले, त्यामागे हा सगळा अन्याय होता. महार रेजिमेंट शेवटी १९४१ साली उभी राहिली.

तुळापूर

स्तंभाहून पुढे लोणीकंदवरून फुलगावमार्गे तुळापूरला जाता येते. इथे इंद्रायणी भीमेला मिळते. शहाजीराजांच्या काळात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याला आपल्या हत्तीच्या वजनाइतके दान करायचे होते. पण एवढा तराजू आणायचा कुठून? तेव्हा हत्तीला नावेत चढवून पाणी कुठवर आले तिथे खूण केली, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल एवढे दगड भरले आणि ते दगड तोलले, अशी कथा सांगतात. ही युक्ती शहाजीराजांची होती म्हणे. घरी आल्यावर बादलीत वाटी सोडून मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा. शास्त्राचा एक धडा फुकटात होतो. मात्र संगमावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पाणी खोल आहे आणि शहरांची घाण घेऊन येते.

पुढच्या सुट्टीला

एक दिवस एवढ्यातच जातो. पुढच्या सुट्टीला दौंडच्या बाजूने जावे. दौंडपलीकडे श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आहे. पकडून आणलेल्या संभाजी महाराजांना याच मोगली किल्ल्यात औरंगजेबापुढे उभे केले होते. तट, जुनी दगडी मंदिरे आणि नदीचे पाणी वर चढवण्याच्या मोटेचे बांधकाम पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या दिशेला चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानापुढे तो ५६ दिवस लढवला.

आणि या सर्वांपेक्षा जुने म्हणजे आपल्याच शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केले. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. घरे, धान्याच्या कणग्या, पाण्याचा कालवा, गावाभोवती भिंत आणि खंदक. सापडलेल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. पेशवाई आणि बादशाही येण्याच्या कितीतरी आधी या खोऱ्यात कष्टकरी माणसे शेती करत होती, कालवे खणत होती.

एक गोष्ट मनातली

२०१८ च्या १ जानेवारीला कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात जे घडले ते आपण विसरलेलो नाही. गाड्या जळाल्या, दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून काही आयाबाया मुलांना घेऊन तिकडे जायला कचरतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण रस्ता आपला आहे, नदी आपली आहे आणि शेजारीही आपलेच आहेत. साध्या दिवशी जावे. वाटेत चहा घ्यावा, गावातल्या माणसांशी चार शब्द बोलावेत. जमल्यास शेजारच्या खोलीतले, दुसऱ्या समाजाचे कुटुंबही सोबत घ्यावे. त्यांच्या मुलांनाही ती नावे वाचू द्यावीत. द्वेष भाषणाने कमी होतो त्यापेक्षा एका डब्यातली भाकरी वाटून खाल्ल्याने अधिक कमी होतो.

खर्च फारसा नाही. चटणी-भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा पदर, एक वही आणि पेन्सिल. आजी-आजोबा चालू शकत असतील तर त्यांना जरूर न्यावे. त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट मुलांच्या लक्षात राहते. नावे उतरवलेली वही जपून ठेवावी. पुढच्या १ जानेवारीला गर्दीत स्तंभ लांबून दिसला तरी त्यावर काय लिहिले आहे, हे तुमच्या मुलीला पाठ असेल.