दूध पिताना बाळाला घाम का येतो?

दोन महिन्यांचे बाळ दूध पिताना घामाघूम होते, कळवळून रडते. पोट दुखत असेल म्हणून घरचे ग्राईप वॉटर पाजतात. क्वचित, साधारण ३ लाखांत एका बाळात, दुखणे हृदयाचे असते. डावी करोनरी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली असते. जन्मानंतर तिथला दाब उतरला की हृदयाचा स्नायू उपाशी पडतो. उपचाराविना बहुतेक बाळे वर्षही काढत नाहीत.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष तपासतात खरे. पण हे बाळ निळे पडत नाही, जन्मतः ठणठणीत दिसते. म्हणून सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसीला आलेल्या आईला घामाबद्दल विचारायलाच हवे. शंका आली तर ईसीजी, टूडी इको. शस्त्रक्रियेने धमनी महाधमनीला जोडली की थकलेले हृदयही बहुधा सावरते.