पोर धांदरट नाही

8 वर्षांचा मुलगा. शर्टाची बटणं खालीवर लावतो, नळावरून आणलेली निम्मी कळशी वाटेतच सांडतो, जेवताना भात ताटाबाहेर. घरात त्याचं नावच ‘धांदरट’ पडलेलं. वस्तीत फिरताना अशी मुलं आम्हाला वरचेवर भेटतात आणि आई सांगते, “ताई, मुद्दाम करतो हो. दोन फटके दिले की नीट करतो.”

नीट करत नाही. घाबरतो, आणि आणखी सांडतो. दवाखान्यात नोकरीला असताना आम्हीसुद्धा अशा आयांना ‘शिस्त लावा’ सांगून परत पाठवलं आहे. आज त्याची लाज वाटते.

काही मुलांची बुद्धी चांगली असते, हातपाय धडधाकट असतात, पण मेंदूला हालचालींची जुळवाजुळव पटकन जमत नाही. याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. शाळेच्या वयातल्या 100 मुलांत साधारण 5 ते 6 जणांना हा त्रास असतो. म्हणजे 60 मुलांच्या वर्गात तिघे. तो लाडाने होत नाही आणि गंडादोरा बांधून जात नाही.

उपयोग होतो तो काम तुकड्यांत शिकवण्याचा. बटणंच घ्या. वरची सगळी आईने लावावीत, खालचं शेवटचं मुलाने. ते त्याला दिसतंही नीट. जमलं की दोन, मग तीन. त्या मुलाचं आता तीनवर आलंय. उभ्याने पँट घालताना तोल जातो, तर भिंतीला टेकून बसून घालू द्या. नाडीऐवजी इलॅस्टिक, लेसऐवजी चिकटपट्टीचे बूट. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. कळशीऐवजी झाकणाची बाटली द्या, पण पाणी आणायचं काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. सकाळी नळाची घाई, त्यात आईला कामावर जायचं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सराव रात्री, रोज दहा मिनिटं.

शाळेत मात्र अशा मुलाची वही अक्षरावरून फेकली जाते, आणि मग पोरगं शाळाच टाळू लागतं. आपल्या घरांना हे परवडणारं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. मागताना ओशाळू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डॉक्टरांना सगळं सांगा, डोळेही तपासून घ्या, ऑक्युपेशनल थेरपी कुठे मिळेल ते विचारा.

पण आधी जमणारी कामं मुलाला आता जमेनाशी झाली, एकाच बाजूचा हात-पाय कमजोर वाटला, किंवा जमिनीवरून उठताना ते मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर पथकाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखवा.