वेळापत्रक बदला, पण श्रोत्यांना विचारून

आकाशवाणीचे वेळापत्रक बदलले, याची बातमी सहसा होत नाही. रविवारी नेहमीच्या वेळी रेडिओ लावावा आणि नाट्यसंगीताऐवजी दुसऱ्याच केंद्राचे सहक्षेपण ऐकू यावे, तेव्हा श्रोत्याला बदल कळतो. तक्रार करायची तर कोणाकडे, हेही ठाऊक नसते. विषय छोटा वाटेल, पण सीमाभागातील मराठी माणसाच्या दृष्टीने तो छोटा नाही.

ठरलेल्या वेळेचे मोल पुणे केंद्रानेच दाखवून दिले आहे. १ एप्रिल १९५५ रोजी तेथून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत आणि सीताकांत लाड यांची योजना. नवे गीत शुक्रवारी सकाळी प्रसारित होई आणि तेच शनिवार-रविवारी त्याच वेळी पुन्हा लागे. ५६ गीतांचा हा क्रम वर्षभर चालला. गुणवत्ता तर होतीच, पण वेळ पक्की होती म्हणून घरोघरी सवय जडली. सवय लागायला वर्ष जाते, मोडायला एक परिपत्रक पुरते.

बातम्यांचेही तसेच आहे. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. पुण्यात पूर्णवेळ अधिकारी नाही, असे कारण पुढे आले. रिकामी जागा भरायची सोडून विभागच हलवायचा, हा कुठला हिशेब? श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि तत्कालीन केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. श्रोते एकत्र बोलले तर दिल्लीला ऐकू जाते, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडे पाहू. १९५० पासूनचे धारवाड केंद्र कन्नड भाषकांची सेवा करते, त्याबद्दल आपले काहीच म्हणणे नाही. पण मराठी बातम्या आणि भावगीतांसाठी बेळगाव-खानापूरचा श्रोता वर्षानुवर्षे सांगली, रत्नागिरी, पणजी या केंद्रांकडे काटा फिरवत आला. मध्यम लहरींना राज्याची हद्द अडवत नाही. एफ. एम. मात्र साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे आणि डोंगराआड क्षीण होते. त्यामुळे मध्यम लहरींचे प्रक्षेपक जसजसे बंद होतात, तसतसा सर्वांत आधी हद्दीपलीकडचा श्रोता तुटतो.

यावर मोबाइलच्या ॲपचा उपाय सांगितला जातो. तो खोटा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी घरांत आज त्याच मार्गाने मराठी केंद्रे ऐकता येतात आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण ॲप फक्त आवाज पोहोचवते, कार्यक्रम तयार करत नाही. सांगलीच्या गायकाचे ध्वनिमुद्रण सांगलीत झालेच नाही आणि दिवसभर राजधानीचेच सहक्षेपण चालले, तर ॲपवर सर्व केंद्रांतून एकच आवाज ऐकू येईल. म्हणून खरा प्रश्न रेडिओ संच की मोबाइल हा नसून स्थानिक निर्मिती राहणार की नाही, हा आहे.

देशातील विविध प्रदेशांच्या भाषा व संस्कृतींना पुरेसे स्थान देणे, हे प्रसार भारती कायदा, १९९० नुसार महामंडळाचे कर्तव्य आहे. त्यामुळे आपल्या मागण्या उपकाराच्या नाहीत. शनिवार-रविवारच्या संगीत व बातम्यांच्या वेळांत बदल करायचा असेल तर महिनाभर आधी त्याच वेळी तशी उद्घोषणा व्हावी. बदलाचे कारण सांगावे. आणि स्थानिक कार्यक्रमाच्या जागी सहक्षेपण आणण्यापूर्वी श्रोत्यांची पत्रे मागवावीत.

पण पत्रे पाठवणार कोण? बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. खातेदार हयात आहे, एवढे पुरत नाही. श्रोत्याचेही तसेच आहे. घरी बसून हळहळणारा श्रोता केंद्राच्या दप्तरी कुठेच नसतो. तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, या महिन्यात आपण ऐकता त्या केंद्राच्या संचालकांना प्रत्येक घरातून एक पत्र जाऊ द्या. कोणता कार्यक्रम, कोणत्या वेळी, कोठे ऐकता आणि किती स्पष्ट ऐकू येतो, एवढे चार ओळींत लिहा. आवडलेल्या कार्यक्रमाची पोचही द्या. फक्त तक्रारीची पत्रे नकोत. आपले खाते चालू आहे, हे कळवणे आपल्याच हाती आहे.