बंदुकीचा भाव, हरभऱ्याचा भाव

अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये एक नवी रायफल बाजारात आणली. नाव ‘मॉडेल १८५४’. त्या साली स्मिथ आणि वेसन या दोघांनी अशाच तऱ्हेच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले होते, त्याची ही आठवण. चापाभोवतीची लोखंडी कडी बोटांनी पुढे लोटली की रिकामे पुंगळे उडून बाहेर पडते आणि मागे ओढली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. जॉन वेनचे घोडेस्वारीचे चित्रपट ज्यांनी पाहिले असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर ही बंदूक लगेच येईल.

किंमत १,२७९ डॉलर. तेव्हाच्या भावाने सुमारे एक लाख सहा हजार रुपये. आमच्या नात्यातला एक मुलगा टेक्सासमध्ये असतो. तो फोनवर तावातावाने सांगत होता, ‘‘काका, एवढे पैसे घेतात आणि दस्ता लाकडाचासुद्धा नाही, प्लास्टिकचा!’’ अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेल्या, मोजक्याच काढलेल्या बंदुकीला ३,४९९ डॉलर पडत होते. तिथले हौशी लोक महिनोन् महिने यावर हुज्जत घालत होते म्हणे. कुणाला चकचकीत पोलाद खटकले, तर कुणाला वाटले की या पैशात मार्लिन कंपनीची घेतलेली बरी.

आपल्याकडे मिक्सर घेताना जशी घासाघीस चालते तशी तिथे बंदुकीची चालते. १९६८ चा कायदा होईपर्यंत तर ती टपालाने घरपोच येत असे. केनेडींवर १९६३ मध्ये झाडली गेलेली रायफलही टपालानेच मागवलेली होती. दुकानातल्या चिठ्ठीवर जी किंमत लिहिलेली नसते, ती तिथल्या शाळांमधली पोरे आजही मोजत आहेत. त्यामुळे त्या स्वस्ताईचा हेवा करावा असे मला कधी वाटले नाही.

पण आपल्याकडचा भाव कोणत्या शहाणपणाने ठरतो? ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाली आणि जुन्या विलायती पिस्तुलांना जमिनीच्या तुकड्यासारखा भाव आला. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत १,२२,३६० रुपये! रात्रपाळी करून एकटीने घरी परतणाऱ्या कोणत्या परिचारिकेला ते परवडणार होते, हे त्या कारखान्यालाच ठाऊक. शिवाय आधी परवाना, परवान्यासाठी चकरा आणि काडतुसांचा खर्च वेगळाच.

तरीही बंदुका घेतल्या जातातच. ज्याला घ्यायची असते तो भाव विचारत नाही. सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या खुनानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. तो खून बंदुकीने झाला नव्हता. पण त्या निमित्ताने लोकांनी परवाने मोजले, तेव्हा ते बाराशेच्या वर निघाले. त्यांतले अनेक पुढे रद्द करावे लागले. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर कमरेला परत येतात. वरातीत हवेत बार काढण्याची हौस इतकी वाढली की २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. ही हौस आमच्या भागात निदान निजामी राजवटीइतकी जुनी असावी. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. त्यानंतर रझाकारांचा काळ आला. ज्याच्या घरी ठासणीची का होईना, बंदूक होती, त्याच्या ओसरीवर गाव गोळा व्हायचे. ती भीती १९४८ ला संपली, पण बंदुकीचा रुबाब मागे राहिला.

आता ज्याला खरोखर गरज असते त्याचे काय होते, ते सांगतो. मी बँकेत असताना सेनगाव तालुक्यातला एक शेतकरी बंदुकीसाठी कर्ज मागायला आला होता. ‘‘साहेब, तुम्ही विहिरीला देता, बैलाला देता, मग बंदुकीला का नाही?’’ सहा एकर हरभरा रानडुकरांनी दोन रात्रींत नांगरून टाकला होता. आमच्या छापील अर्जात बंदुकीला रकाना नव्हता. मी त्याच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. एकनळी बारा बोअर, परवाना, काडतुसे, शिवाय रानडुकराला मारायला वनखात्याची परवानगी. आणि कळप पंधरांचा. एक बार काढला की चौदा शेजारच्या तुरीत जाणार. त्याने कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे हरभरा डुकरांनी खायचा आणि हप्ता मी भरायचा.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बंदूक हे उत्तर नाही, एवढे मात्र तेव्हाही दिसत होते आणि आजही मत तेच आहे. शेतीची वीज बहुधा रात्री येते, त्यामुळे माणूस तसाही जागाच असतो. बांधावर जुन्या साड्या बांधतो, पाइपात बार काढतो. कुणी वैतागून तारेत घरची वीज सोडतो आणि त्यात शेजारचा माणूस जातो. सौर ‘झटका मशीन’ काही हजारांत मिळते. झटका बसून जनावर पळते, मरत नाही. एका ‘निर्भीक’च्या पैशात अशी कितीतरी शेते राखता येतील. पिकाच्या नुकसानीला सरकारी भरपाईही आहे, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाळी घालून पुढचे पीक पेरायची वेळ झालेली असते.

बंदुकीचे परवाने देताना अर्जदाराच्या जिवाला धोका आहे का, हे तपासायला माणसे मिळतात. तसाच एक माणूस नुकसान झाल्याच्या तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या बांधावर पाठवावा. आणि बँकांनी आपल्या पीककर्जाच्या अर्जात, विहीर आणि बैल यांच्या खाली, ‘कुंपण’ असा एक रकाना छापावा.