भावाचा हिशेब विचारता, फोमचाही विचारा



गेल्या हंगामातली गोष्ट. इथेनॉलचा टँकर भरून काट्याकडे निघाला होता आणि मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रांगेतले एक जुने सभासद टँकरच्या सावलीला टेकले आणि त्यांनी बिडी काढली. वॉचमन धावत आला, तर त्यालाच म्हणाले, "मला काय शिकवतोस? कारखाना माझा आहे!" बोलणे खोटे नव्हते, भाग त्यांच्या नावावर आहेत. काडी ओढली गेली नाही, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.

आपल्याला डिझेलची सवय. इंजिनाशेजारी डिझेलचा डबा वर्षानुवर्षे पडून असतो, काही होत नाही. इथेनॉलची जात वेगळी. त्याची वाफ 13-14 अंश उष्णतेलाच पेट घेण्याजोगी होते. नागपुरात एवढी थंडी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पडली तर पडते. म्हणजे बाकी सारे वर्ष हा माल ठिणगीची वाट बघत बसलेला असतो. गळीत मार्चच्या आसपास संपते, गव्हाण थंड होते, आपण सुटलो म्हणतो. पण टाक्यांत माल असतोच आणि पुढे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, नालीत उतरते, आणि दूरच्या चुलीपर्यंत पोचली तर जाळ उलट वाटेने टाकीकडे येतो. जाळही फिका निळा. दुपारच्या उन्हात तो दिसत नाही, माणूस चालत त्यात शिरतो. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी रिकामी टाकी आम्हांला जास्त भीतीची वाटते, कारण वरच्या मोकळ्या जागेत हवा आणि वाफ नेमक्या पेटण्याच्या प्रमाणात मिसळलेल्या असू शकतात. 'टाकी रिकामी आहे, मारून टाक वेल्डिंग' असे कुणी म्हणाले तर त्याचा हात धरावा.

पाणी मारले की विझेल, हाही एक गैरसमज. इथेनॉल पाण्यात मिसळते, पण एक भाग इथेनॉलला चार भाग पाणी घातले तरी ते मिश्रण साधारण 36 अंशांना पेट घेऊ शकते. आपल्याकडची मेमधली सावलीसुद्धा त्याहून तापलेली असते! साधा फोमही चालत नाही. फोमातले पाणी इथेनॉल ओढून घेते आणि फेस विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा खास फोम लागतो. तो महाग असतो, त्याला मुदत असते आणि मुदत संपली की ते ड्रम बदलावे लागतात. वर्षानुवर्षे आग लागली नाही तर हा खर्च कुणालाही फुकट गेला असेच वाटणार.

फेब्रुवारी 2023 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यातल्या गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला भीषण आग लागली होती. कुणाचे काय चुकले हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ती बातमी वाचून आपल्यापैकी किती जणांनी आपल्या टाक्यांची चौकशी केली?

इथेनॉलचे कौतुक आम्हांलाही आहे. 2014 साली नागपूरच्या रस्त्यावर इथेनॉलवर चालणारी हिरवी बस धावली, तेव्हा ऊसवाल्यांची छाती फुगली होती. ती सेवा पुढे बंद पडली, पण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि डिस्टिलरीचा पैसा उसाच्या भावात यावा अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. मात्र नफ्यात वाटा मागणाऱ्याने धोक्याकडे पाठ फिरवायची, हे मालकाचे लक्षण नव्हे. सर्वसाधारण सभेत भावावरून तास-दोन तास गरमागरमी होते. फोम किती आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे विचारायला अजून कुणी उठलेले आम्ही तरी पाहिले नाही.

आणि शिकायला लांब जायला नको. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरातच आहे. स्फोटके नि पेट्रोलियमच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयही इथेच. सगळा देश ज्या गावाकडे विचारायला येतो, त्या गावच्या कारखान्याने आपली माणसे प्रशिक्षणाला पाठवताना भाडेभत्त्याची घासाघीस करावी, हे काही बरे दिसत नाही.

आमची सूचना अशी की, येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर डिस्टिलरीच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र विषय घ्यावा. टँकर भरताना अर्थिंगची तार जोडल्याशिवाय व्हॉल्व उघडायचा नाही, हा नियम कागदावर असेलच; तो पाळला जातो का, हे दोन सभासदांनी अधूनमधून जाऊन पाहावे. ऊसतोड मजुरांच्या कोप्या टँकर भरण्याच्या जागेच्या अंगाला पडतात आणि संध्याकाळी तिथे चुली पेटतात. बिडीवाल्या सभासदाला वॉचमन निदान ओरडला तरी. या बायामाणसांना तिथे काय साठवले आहे हे कुणी सांगितलेलेही नाही. पुढच्या हंगामाच्या कोप्या पडण्याआधी त्यांची जागा बदलावी, तिथे पाण्याची सोय करावी, आणि त्याचा खर्च आमच्या भावातून कापला तरी आमची तक्रार नाही.