शरबती : शब्द एक, माल अनेक

धान्याच्या पेढीवर ज्यांची हयात गेली, त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीत शिरणे पंडितांस कदाचित रुचणार नाही. तथापि ज्या शब्दावर आपण रोज भाव ठरवितो त्याचे कुळ व्यापाऱ्यास ठाऊक असावे, असे आमचे मत आहे. भोपाळच्या चार इमली वस्तीतील गृहिणी चांगला गहू मागते तो ‘शरबती’ म्हणून. हा शब्द आला कोठून?

अरबीत ‘श-र-ब’ या धातूचा अर्थ पिणे. त्यापासून झालेला ‘शराब’ मुळात कोणत्याही पेयाचा वाचक. आपल्याकडे मात्र तो मद्यापुरता उरला. तोच शब्द लॅटिनमध्ये जाऊन इंग्रजीमार्गे ‘सिरप’ या नावाने आपल्या औषधाच्या कपाटात आला. त्याच धातूचा ‘शरबत’ मराठीत ‘सरबत’ होऊन पाहुण्यांच्या स्वागतास लागला आणि फ्रान्सात बर्फाळ ‘सॉर्बे’ झाला. एकाच कुळात मद्य, औषध आणि आतिथ्य! धातू निर्दोष आहे. पेल्यात जे ओतले गेले, तसा अर्थ झाला.

गव्हाचेही तसेच आहे. सीहोर-विदिशा भागातील सोनेरी, गोडसर दाण्यास हे नाव मिळाले आणि २०२३ साली मध्य प्रदेशाच्या शरबती गव्हास भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु १९६७ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मेक्सिकोच्या ‘सोनोरा ६४’वर किरणांचा प्रयोग करून काढलेल्या वाणाचे नावही ‘शरबती सोनोरा’च होते. नाव जुळले, म्हणून माल एक झाला नाही.

हे नामसाम्य प्रामाणिक होते. पोत्यावर ‘शरबती’ लिहून आत लोकवन मिसळणे यास मात्र नामसाम्य म्हणता येणार नाही. काही व्यापारी बंधू म्हणतात, गिऱ्हाइकास फरक कळत नाही. आमचे म्हणणे असे की, गिऱ्हाइकास दाणा न कळो, सकाळची पोळी संध्याकाळी मऊ राहिली की नाही हे घरात सर्वांस कळते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बिलावर वाण, खरेदीची मंडी व हंगामाचे साल लिहावे. मिसळ असेल तर मिसळ असे स्पष्ट लिहावे. त्यात दोन पैसे कमी सुटतील. पण ‘शरबती’चा अर्थ ‘भेसळ’ असा रूढ झाला, तर तो पुसण्यास आपल्या नातवंडांचीही हयात पुरणार नाही.