दर पाडव्याला नवा सालगडी

भारतीय हॉकी संघ दोन मॅच हरला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: कोच बदला. आमच्या बिलोलीकडे असे मालक असतात. विहिरीला पाणी नाही, पण पीक गेलं की पाडव्याला सालगडी नवा.

हा प्रयोग आपण पोटभर करून झालाय. 1998 ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये खडकीच्या धनराज पिल्लेच्या कप्तानीत 32 वर्षांनी सुवर्ण आलं. बक्षीस काय? कोच एम. के. कौशिक घरी, धनराजसकट काही मोठे खेळाडूही बाहेर. म्हणजे आपल्याकडे जिंकूनही कोच जातो! 2002 च्या क्वालालंपूर वर्ल्ड कपमध्ये मुंबईच्या सेड्रिक डिसूझांना स्पर्धा चालू असतानाच काढलं. संघ दहावा. 2004 ला अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर आलेलं असताना राजिंदर सिंगना हटवून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले. संघ सातवा. त्याआधी सिडनीलाही सातवाच होता.

या सगळ्या काळात एक खुर्ची मात्र हलली नाही. के. पी. एस. गिल 1994 ते 2008 फेडरेशनचे अध्यक्ष होते. 2008 ला भारत ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही, तेव्हा लगेच राजीनामा कोणी दिला? कोच जोकिम कार्व्हालोंनी, तेही मुंबईचेच. गिल यांना मात्र फेडरेशनच निलंबित झाल्यावर जावं लागलं. कोच बदलणं स्वस्त पडतं. कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि पेपरला बातमी छापून येते.

कुणी म्हणेल, 2023 च्या वर्ल्ड कपनंतर ग्रॅहम रीड गेले, क्रेग फुल्टन आले आणि पॅरिसला ब्राँझ मिळालं ना? मिळालं. पण फुल्टनना हातात काय मिळालं ते बघा. श्रीजेश, मनप्रीत, हरमनप्रीत होते, 2018 पासून ओडिशाचा पैसा होता, आणि टोकियोत 41 वर्षांनी पदक जिंकलेला संघ होता. तो संघ रीडनीच 2019 पासून घडवला होता. विहिरीला पाणी असलं की नवा सालगडीही पीक काढतो.

मी आयटीत आहे, तिथंही हेच चालतं. रिलीज फसली की मॅनेजर नवा, कोड जुनाच. नवा माणूस तो कोड समजून घेईपर्यंत पुढची रिलीज दारात.

1976 ला माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली, तिथंही आपण सातवेच. टर्फवर बॉल वेगळ्याच वेगाने येतो, आणि मातीवर बॉल अडवायला शिकलेल्या पोराला तो वेग कोणताही कोच आठ दिवसांच्या कॅम्पमध्ये शिकवू शकत नाही. नांदेडला गोल्ड अँड सिल्व्हर कप बघायला आपण गर्दी करतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. मग मराठवाड्यात पोरांना रोज सरावाला टर्फ किती आहेत, हे ग्रुपवर एकदा तरी कुणी विचारलंय का?